उणे दोन

“...पण आणखी किती वर्षं लागतील, बुवा? नक्की आकडा सांगा.”

विश्राम केळुसकर हायस्कुलात गणित शिकवायचे. बीजगणितावरचं त्यांचं पुस्तक जिल्हाभर चालायचं. तीन आठवड्यांपूर्वी ते टेकडीवरच्या मठात आले होते. आनंद म्हणजे काय ते कळल्याशिवाय परतणार नाही, अशी चिठ्ठी बायकोसाठी ठेवून.

निरंजनबुवा अंगणात बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी सुपातून नजर वर केली नाही. मास्तरांचं वय विचारलं, मग मुलीचं.

“मी बेचाळीस. कुंदा दहा.”

“तिच्या पाचपट तुमचं वय किती वर्षांनी होईल?”

मास्तरांना गंमत वाटली. असली गणितं ते आठवीच्या मुलांना घालत. तरी त्यांनी बोटाने धुळीत मांडणी केली.

क्ष वर्षांनी, समजू. डावीकडे बेचाळीस अधिक क्ष. उजवीकडे दहा अधिक क्ष, त्याची पाचपट. कंस सोडवला, पन्नास अधिक पाच क्ष. क्ष एका बाजूला नेले, आकडे दुसऱ्या. चार क्ष बरोबर उणे आठ.

बोट थांबलं.

त्यांनी धूळ सारखी केली आणि पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा तर एकेक ओळ नवशिक्यासारखी, पुटपुटत. क्ष बरोबर उणे दोन.

“गणितच चुकीचं घातलंत,” मास्तर म्हणाले. “वर्षं उणे कशी येतील?”

“पायरी कुठे चुकली?”

“माझी पायरी चुकत नाही.”

“मग?”

मास्तरांनी धुळीतल्या उत्तराखाली बोट ठेवलं. उणे दोन. म्हणजे दोन वर्षं मागे. तेव्हा ते चाळीस होते, कुंदा आठ. आठा पंचे चाळीस.

“हे तर होऊन गेलं की,” ते हळूच म्हणाले.

त्या वर्षी काय केलंत, असं बुवांनी विचारलं.

आधी काही आठवेना. मग आठवलं. त्या मे महिन्यात कुंदा विहिरीत पोहायला शिकत होती. एकटी उतरायला घाबरायची, म्हणून तेही उतरले. पोहता त्यांनाही येत नव्हतं. पाठीला सुका भोपळा बांधून चाळिशीचा हा माणूस पाण्यात गोल गोल फिरायचा, आणि कुंदा काठावर बसून उचकी लागेपर्यंत हसायची. महिनाभर, रोज. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, सत्कार सुरू झाले. विहीर राहूनच गेली.

सांगता सांगता मास्तरांना हसू फुटलं. आवरेचना. बुवाही हसू लागले, इतके की मांडीवरचं सूप कलंडलं आणि तांदूळ त्या समीकरणावर सांडले.

दोघं वाकून दाणे वेचू लागले. मास्तर अजून मधूनच हसत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

“म्हणजे उत्तर बरोबर आलं ना, बुवा?”

“ताळा घरी जाऊन करा.”