मागच्या आसाचा पांढरा रंग

एका छावणीच्या गावाबाहेर एकदा एक वृद्ध कारागीर राहत असे. तरुणपणी तो फौजेत गाड्या चालवी. निवृत्त झाल्यावर युद्धकाळातल्या मोडक्या गाड्या पुन्हा उभ्या करणे हेच त्याने आपले व्रत मानले. गावात सगळे त्याला वस्ताद म्हणत.

त्याच्याकडे मुकुंद नावाचा शिष्य शिकायला आला, तोही काही कोवळ्या वयाचा नव्हता. पंचेचाळिशी उलटलेली, कानशिलांवर पांढरे केस. दीर्घ आजारात पत्नी गेली आणि त्याने कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली. कॉलेजात शिकणारी मुलगी सुमेधा हिला मामाकडे पोचवले, घराला कुलूप घातले. ‘तिथे तिला माणसं आहेत, माझ्याजवळ काय आहे?’ असे तो स्वतःला समजावी. वस्तादांच्या शेडमध्येच खाट टाकून तो राहू लागला. लोखंड काही विचारत नाही, म्हणून लोखंडाची सोबत त्याला बरी वाटे.

एका व्यापाऱ्याने भंगारातून एक छोटी फौजी मालगाडी मिळवली होती. “युद्धात होती तशीच करून द्या,” एवढेच त्याचे म्हणणे. मुकुंदाने ते मनावर घेतले. नंतरच्या मालकांनी चढवलेले निळे, पिवळे थर त्याने खरवडून काढले. आसनाखाली, जिथे ऊन पोचले नव्हते, तिथे मूळचा मंद हिरवा रंग सापडला. त्याच्याशी मिळताजुळता रंग घोटण्यात कित्येक दिवस गेले. जाड दोऱ्याने ताडपत्रीचे छत शिवले. कुदळ-फावडे अडकवायच्या पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. पुढच्या दिव्यांवर पत्र्याची झापडे आली.

व्यापारी एकदा पाहायला आला तेव्हा थोडा हिरमुसला. “जरा चमक हवी होती, वस्ताद.”

“शेठजी, चमकणारी गाडी युद्धातून परत येत नसते,” वस्ताद म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

संध्याकाळी घरी निघताना ते रोज हाक मारत, “चल मुकुंदा, जेवायला.” “नको वस्ताद, थोडं काम राहिलंय,” असे रोजचेच उत्तर. काम काहीच राहिलेले नसे. तो गाडीत चढून चालकाच्या जागी बसे, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवी आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राही. शेजारचे आसन रिकामे असे.

अखेर गाडी सिद्ध झाली. दुसऱ्या दिवशी व्यापारी ती न्यायला येणार होता. तेवढ्यात वस्ताद पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले, दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसले आणि सरपटत गाडीखाली शिरले. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याला त्यांनी शुभ्र पांढरा रंग द्यायला सुरुवात केली.

मुकुंदाला राहवेना. “वस्ताद, हे काय करताय? गाडी कुणाला दिसू नये म्हणून आपण एवढा रंग जुळवला. आणि हा पांढरा ठिपका? तोही असा, की चालवणाऱ्यालासुद्धा दिसायचा नाही!”

“चालवणाऱ्यासाठी तो नाहीच,” वस्ताद खालूनच म्हणाले. “रात्री ताफा निघाला की पुढचे दिवे बंद. या गोळ्यावर तेवढा एक बारीक दिवा लावायचा. वरून विमानाला दिसत नाही, मागच्या गाडीला दिसतो. त्या पांढऱ्यावर नजर ठेवून मागचा माणूस वाट काढतो.”

ते बाहेर आले, चाकाला टेकून बसले.

“एका रात्री माझी गाडी सगळ्यांत शेवटी होती. मागे कुणी नाही, मग दिवा कशाला, म्हणून मी तो काढायला निघालो. सुभेदारसाहेब म्हणाले, राहू दे. रात्रभर गाडी हाकत होतो आणि वाटत होतं, या जगात मी एकटाच उरलोय. उजाडताना थांबलो, तर माझ्या मागे एक गाडी येऊन उभी राहिली. दुसऱ्या तुकडीची, वाट चुकलेली. ड्रायव्हर उतरला आणि माझा हात धरून रडायला लागला. पुढच्याला आपलं पांढरं कधी दिसत नाही, मुकुंदा. त्याला नुसता काळोख दिसतो. पण मागचा त्याच्याच मागून येत असतो. पुढचा खड्ड्यात गेला, तर खड्ड्यातही.”

वस्तादांनी ब्रश मुकुंदाच्या हातात दिला. “दुसरा हात तू मार.”

दुसऱ्या दिवशी व्यापारी गाडी घेऊन गेला आणि मुकुंदाने एसटी पकडली. मेव्हण्याच्या दारात उभा राहिला तेव्हा मेव्हणा क्षणभर पाहतच राहिला.

“बरं झालं आलात, दाजी. पोरगी वेळेवर जेवते, कॉलेजला जाते, पण बोलत नाही हो कुणाशी. खोलीत बसून असते. आईचं नावसुद्धा काढत नाही.”

सुमेधा खिडकीशी बसली होती. वडिलांना पाहून उठली, पण जवळ आली नाही. मुकुंद तिच्या पलंगाच्या कडेवर टेकला.

“मामा सांगत होता, तू बोलत नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे बोलता, बाबा?” तिच्या स्वरात राग नव्हता. “आई गेली आणि तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, दुःख असंच करायचं असतं.”

पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, असे समजून मुकुंद चालत आला होता, आणि ही पोर त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत इथवर आली होती.

“नाही गं,” तो कसाबसा म्हणाला. “असं नसतं.”

मग त्याने तिचा हात हाती घेतला आणि तिच्या आईचे नाव उच्चारले.