कडी नसलेला दरवाजा

एका राज्यात एक गड होता, आणि त्या गडाच्या दरवाजाला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, अडसर तर नव्हताच. दिवस मावळला की सेनापतीने उंबरठ्याशी उभे राहून विचारायचे, "आत कोण?" साऱ्या गडाने एका आवाजात म्हणायचे, "आपलेच." ते खरे असले, की ती हत्तीएवढी दारे आपोआप मिटत. हसू नका, तो दरवाजा माणसांपेक्षा शहाणा होता. सवलत त्याने एकच ठेवली होती: जो विचारी, त्याला उत्तर द्यावे लागत नसे.

सेनापतीचे नाव वीरबाहू. नदीपलीकडच्या कालजंघ नावाच्या मायावी राजाशी युद्ध जुंपले, आणि कालजंघाने वीरबाहूची एकुलती लेक कुमुदिनी पळवून तिची साळुंकी केली. पिंजरा पुढे धरून तो म्हणाला, "माझी तीन कामे कर, लेक परत देतो. मात्र गडावर हे कळले, तर माझी सारी माया उलटेल, आणि तू लेकीला पुन्हा पाहणार नाहीस."

लढाईत कधी मागे न सरलेल्या त्या माणसाने मान खाली घालून होकार दिला.

पहिले काम, गडाच्या झऱ्याचे मूळ दाखवायचे. त्याने दाखवले. कालजंघाने तिथे मूठभर राख टाकली, झरा आटला आणि साळुंकीला वाचा फुटली. दुसरे, नदी पायी ओलांडायचा चोरउतार सांगायचा. तोही सांगितला. उतारावरचे पहारेकरी उभ्या उभ्या दगड झाले, आणि साळुंकी पिंजऱ्यातून सुटून बापाच्या खांद्यावर येऊन बसली. आणि हा गृहस्थ रोज संध्याकाळी "आत कोण?" विचारी, दरवाजा निमूट मिटे. मला त्याची चीड येते. दयाही येते, काय करणार?

"बाबा," साळुंकी म्हणाली, "दगड झालेल्यांत माझा झोका बांधून देणारा हरणाजी आहे."

"ठाऊक आहे, बाळ."

"मग तिसरे काम करू नका."



तिसरे काम दिसायला सोपे होते. एक संध्याकाळ प्रश्नच विचारायचा नाही. दार उघडे राहील, पुढचे कालजंघाचे धुराचे सैन्य पाहील. दिवस मावळला. सेनापतीने गळ्याला फडके गुंडाळले आणि राजा हेमांगदाला खुणेने सांगितले, की घसा बसला आहे. दोन कामे पचवलेला माणूस इथे फसला. राजा साधेपणाने म्हणाला, "मग आज मी विचारतो. तुम्ही सगळ्यांमध्ये उभे राहा."

राजाने विचारले, "आत कोण?"

"आपलेच," गड म्हणाला. सेनापतीचेही ओठ हलले.

दारे हलली नाहीत.

असे कधी घडले नव्हते. मग नजरा वळल्या त्या येसूआजीकडे. ती नदीपलीकडून आसऱ्याला आलेली विणकरीण. "परकी हीच," कुणी म्हणाले, आणि तिला ओढत उंबरठ्याशी नेले. बाहेर नदीवरून धूर चढत येत होता. म्हातारी रडली नाही, नुसती पदर सावरत राहिली.

"तिला सोडा," सेनापती म्हणाला. आवाज खणखणीत होता. "फितूर मी आहे."

"का, वीरबाहू?" राजाने विचारले.

सेनापतीने साळुंकी खांद्यावरून उतरवून राजाच्या हातावर ठेवली. "हिच्यासाठी, महाराज. आता हिला तुम्ही सांभाळा." आणि तो उंबरठा ओलांडून धुरात गेला.

राजाने पुन्हा विचारले, "आत कोण?"

"आपलेच."

दारे मिटली.

माया उलटली. धुराचे सैन्य धुक्यासारखे विरले, त्यातच कालजंघही विरला. झरा खळखळू लागला. उतारावर हरणाजीने जांभई दिली. राजाच्या हातावर साळुंकी होती, तिथे त्याचा हात धरून कुमुदिनी उभी होती. पण पहारेकऱ्यांच्या अंगावरून उतरलेला दगड कुठेतरी जायलाच हवा होता. तो दाराबाहेरच्या सेनापतीच्या अंगावर चढला. त्याचे तोंड नदीकडे होते. त्याने लेकीला पाहिले नाही.

पुढे कुमुदिनीच त्या गडाची सेनापती झाली. दिवस मावळला की ती विचारते, "आत कोण?" गड उत्तर देतो, आणि आता विचारणारीही देते. तरी दारे मिटत नाहीत, थांबून राहतात. मग ती उंबरठ्यावर वाकून हलकेच विचारते, "बाहेर कोण?"

दगडाचे ओठ हलत नाहीत, पण आवाज येतो. सारा गड तो ऐकतो.

"आपलाच."

मग दारे मिटतात.