भैरीच्या सड्यावरची शेवटची शर्यत

“...आणि हे धुकं आज उठलंच नाही तर, वस्ताद?”

टायरांच्या थप्पीवर बसून दस्तगीर वस्ताद आपला दुखरा गुडघा चोळत होते.

हर्षवर्धन इंगवले पुन्हा एकदा गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन आला. बाहेर भैरीचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार होतं, असं म्हणायचं एवढंच. दरीतून चढून आलेल्या धुक्यानं ट्रॅक, झेंडे, माणसं, सगळं गिळून टाकलं होतं. लाउडस्पीकर मधूनच खरखरायचा. शर्यत लांबली आहे, पुढच्या सूचनेपर्यंत चालकांनी थांबावं.

थांबणं हर्षाला कधी जमलंच नव्हतं.

सह्याद्री स्पोर्ट्स कार अजिंक्यपदाचं हे पहिलंच वर्ष. या मुलखात गाड्यांच्या शर्यती पूर्वीही व्हायच्या, पण त्या सुट्या सुट्या. हंगामभर गुण जमवत न्यायचे आणि शेवटी एकानं अजिंक्य ठरायचं, असं आजवर कुणी भरवलं नव्हतं. पहिल्या शर्यतीला लोक जत्रेला यावं तसे ट्रॅक्टर भरून आले होते. आज शेवटची शर्यत. हर्षा आणि सांगलीकडची केतकी मगदूम यांचे गुण बरोबरीत. दोघांत जो पुढं राहील, त्याचं नाव नव्याकोऱ्या चषकावर कोरलं जाणार होतं.

वस्तादांनीच हर्षाला घडवलं होतं. तरुणपणी त्यांनी लाल मातीत अंग रगडलं आणि पुढं घाटातल्या शर्यती गाजवल्या. पण तालमीतलं ‘वस्ताद’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. हर्षा त्यांच्या पाया पडल्याशिवाय गाडीत बसत नसे. मात्र या हंगामात त्याला आतून वाटू लागलं होतं, की म्हाताऱ्याकडचं घेण्यासारखं सगळं आपलं घेऊन झालं.

“केतकी काय करतीय?” त्यानं विचारलं.

“शेंगा खातीया.”

“शेंगा?”

“भाजलेल्या. मला बी दिल्या मूठभर.”

हर्षानं दातावर दात दाबले आणि टायरमधली हवा तपासायला वाकला. मेकॅनिकनं ती आत्ताच तपासली होती.

“वस्ताद, एक विचारू?”

“सकाळधरनं दुसरं काय करतोयस?”

“ब्रेक कुठं दाबायचा, वळणात गाडी किती सोडायची, मागच्याला कसं झुलवायचं... सगळं शिकवलंत तुम्ही. आता शिकवायचं काही उरलंय?”

“हाय की.”

“काय?”

वस्तादांनी बोटानं गाडी दाखवली.

“गाडीत बस,” ते म्हणाले.

“चालू करू?”

“नगं. नुस्ता बस.”

हर्षा बसला. पट्टे आवळले, स्टिअरिंगवर हात ठेवले. वस्ताद गुडघा धरत उठले, खिडकीतून वाकले आणि आपला रुंद पंजा त्यांनी हर्षाच्या उजव्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“गाडी बंद हाय,” ते म्हणाले. “मग ह्यो कुठं निघालाय?”

तेव्हा कुठं हर्षाच्या ध्यानात आलं. त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. सोडत होता, पुन्हा दाबत होता...

“सवय आहे,” तो ओशाळून म्हणाला.

“कुणाची? त्याची, का तुझी?”

हर्षा चिडला. “वस्ताद, ही कोडी घालायची वेळ आहे का? पुढच्या वर्षी जिंकेल तो दुसरा. त्याच्या पुढच्या वर्षीचा तिसरा. हे चालू राहिलं तर शंभर माणसं होतील. पण पहिला एकच! त्याच्या वर कुणाचं नाव नसणार.”

“खरं हाय.”

“मग?”

“मग काय... कोर की नाव. कोण न्हाई म्हणतंय?”

वस्ताद पुन्हा टायरांवर जाऊन बसले. हर्षाला त्यांचा राग आला, आणि राग आला याचा आणखी राग आला.

दुपार कलली आणि वारा फिरला. धुकं मधोमध फाटलं, ट्रॅकची काळी पट्टी उघडी पडली. भोंगा वाजला. हर्षा घाईघाईनं वाकून वस्तादांच्या पायाला हात लावून गेला. त्या दिवशी त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलंही नाही.

शर्यत त्यानं सुरुवातीपासून ताब्यात ठेवली. केतकीची पिवळी गाडी त्याच्या आरशात चिकटून होती. तो आत आला की तीही आत, तो सुटला की तीही सुटायची. पण तिला वाट मिळत नव्हती. कठड्याशी उभी माणसं हर्षाचं नाव घेऊन ओरडत होती. शेवटची फेरी सुरू झाल्याचा झेंडा हलला, तेव्हा तो हेल्मेटच्या आत हसत होता.

सड्याच्या टोकाला, दरीच्या अंगाला, देवराईचं वळण आहे. त्या वळणावर धुकं पुन्हा चढून बसलं होतं. झेंडेवाल्यांना धोक्याचा झेंडा उचलायचंही सुचलं नसेल, इतक्या झटक्यात.

हर्षाच्या पुढं निपाणीच्या उदय कोरेची गाडी होती. नवखा पोरगा, एक फेरी मागं पडलेला. त्याची गाडी त्या पांढऱ्या भिंतीत शिरली.

वळण संपलं की रस्ता चढाचा आहे. पुढं गेलेली गाडी त्या चढावर हमखास दिसते. चढ धुक्याबाहेर होता, उन्हात लखलखत होता.

उदय चढावर आलाच नाही.

विचार करायला तिथं वेळ नसतो. हर्षानं पाय काढला.

डावीकडून एक पिवळा पट्टा कानाशी गर्जत गेला आणि धुक्यात बुडाला. हर्षा मागून डोळे फाडून आत शिरला. आता दिसेल आडवी गाडी. आता ऐकू येईल पत्र्याचा आवाज...

काही नाही. ओला, रिकामा रस्ता. तो बाहेर आला तेव्हा केतकी चढावर पोचलेली होती.

उदयनं ब्रेक तापले म्हणून धुक्यात शिरताच गाडी बाजूच्या मातीत उतरवली होती. कठड्यामागं बसून तो पाणी पीत होता. हे नंतर कळलं.

हलगी कडाडली. गुलाल उडाला. केतकी गर्दीतून वाट काढत हर्षापाशी आली, तिच्या दोन्ही मुठी लाल होत्या.

“तुझं इंजिन गेलं का रे? एकदम कसा ढिला पडलास?”

“तुला उदय दिसला नव्हता पुढं?”

“कुठला उदय? मला तुझ्याशिवाय कुणी दिसतच नव्हतं.”

“तो आत गेला होता. बाहेर आला नव्हता.”

केतकीचा गुलालाचा हात हर्षाच्या कपाळाशी जाता जाता थांबला. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात लोकांनी तिला खांद्यावर उचललं.

वस्ताद गॅरेजमागच्या पाण्याच्या टाकीशी तोंड धूत होते. हर्षा तिथं जाऊन उभा राहिला. उभं राहवेना, म्हणून चालू लागला. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“तुमच्यामुळं झालं हे,” तो म्हणाला. “मगाशी उगाच माझ्या डोक्यात काहीतरी भरवलंत.”

वस्तादांनी ओंजळ भरून पाणी तोंडावर मारलं.

“निदान ‘नाही’ तरी म्हणा! शिव्या घाला!”

वस्तादांनी आणखी एक ओंजळ भरली.

“लोक म्हणतायत, इंगवले धुक्याला भ्याला. माझा बापसुद्धा नजर चुकवून गेला मघाशी. काय सांगू मी त्यांना?”

“काय सांगनार हायस?”

“काय सांगणार! तिथं काही असतं, तर छातीठोकपणे सांगितलं असतं, की बाबांनो, याच्यासाठी सोडला मी चषक. एवढं तरी हातात राहिलं असतं.” त्यानं टाकीवर मूठ आपटली. “पण तिथं कुणीच नव्हतं, वस्ताद! नुसता रिकामा रस्ता! कुणी एक जरी तिथं असतं ना...”

वस्तादांनी पटक्यानं तोंड पुसलं. मग पटका खांद्यावर टाकून ते हर्षाजवळ आले, इतके जवळ, की त्याला येरझारा थांबवाव्या लागल्या.

“कोण पायजे हुतं रं तुला तिथं, मोडल्याल्या गाडीत?”