घोंगडीची सावली

"नाव सांगा त्याचं. दुसरं काय नको मला."

खंडूनं हातातली काठी मठाच्या पायरीवर आपटली.

भास्करबुवा एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हळू की रं मुडद्या!" म्हातारी करवादली. "तिकडं माणूस झोपलंय. काठी आपटून मेलेलं उठवतोस का काय?"

"मेलेलं उठत न्हाई, आजी."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

बुवा पूर्वी शहरातल्या मोठ्या इस्पितळात सर्जन होते. कितीतरी डॉक्टर त्यांच्या हाताखाली घडले. मग एक दिवस सगळं सोडून ते नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. खंडूचा थोरला भाऊ मल्हारी त्याच इस्पितळात शिकत होता. मेंढक्याच्या घरातला पहिला डॉक्टर. गेल्या अमावास्येला ड्यूटीवर ड्यूटी करून तो फटफटीवर घरी निघाला. वाटेत पुलाचा कठडा आला, तेव्हा तो झोपेत होता.

"दादानं झोपायला सुट्टी मागितली हुती," खंडू म्हणाला. "एका रातीची. त्याचा सीनियर म्हणला, झोप मेल्यावर काढ. दादानंच फोनवर सांगितलं मला. हसत हसत."

बुवांचा हात थांबला.

"ते बोलणं त्याचं नाही. माझं आहे."

"तुमचं?"

"वॉर्डात उभा राहून मी म्हणायचो. पोरं हसायची. त्यातल्या एकानं ते जपून ठेवलं. पुढं मल्हारीला दिलं."

खंडूच्या मुठी वळल्या. समोर पिकलेली दाढी, जखम धुणारी बोटं... मारायचं कुणाला?

"आणि तू?" बुवांनी विचारलं. "तू ते कुणाला सांगितलंस?"

खंडूपुढं बिरोबाची जत्रा उभी राहिली. भंडाऱ्यानं पिवळा होऊन तो दोस्तांना सांगत होता, आमचा दादा झोपतच न्हाई! त्याचा सीनियर म्हणतो, झोप मेल्यावर काढ! सगळे एकमेकांना टाळ्या देत हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं तोच.

त्याची मान खाली गेली. पण राग शमेना.

"तरी नाव पायजे," तो पुटपुटला.

"सांगतो. आधी त्या झोपलेल्या माणसावर सावली धर. ऊन फिरलंय."

"मी काय तुमचा गडी हाय?"

बुवांनी नवी पट्टी उलगडायला घेतली.

अंगणात लिंबाखाली एक जण उताणा पडला होता. झाडाची सावली त्याला सोडून पुढं सरकली होती. खंडू चरफडत गेला. उघड्या माळावर मेंढके करतात तसं त्यानं केलं. काठी जमिनीत रोवली, खांद्यावरची घोंगडी तिच्यावर टाकली, टोकांवर दगड ठेवले. हात आपोआप चालले.

मग त्यानं त्या माणसाकडं पाहिलं.

तरणाच होता. डोळे खोल गेलेले, तोंड उघडं, पायात बूट तसेच. दादा सुट्टीला आला की असाच पडायचा... हातातला घास ताटात टाकून. आई म्हणायची, झोपू दे रं त्याला. आणि खंडू त्याला गदागदा हलवून उठवायचा. पारावरच्या पोरांना डॉक्टर दाखवायचा असायचा ना!

खंडूनं त्या माणसाचे बूट अलगद काढले. ओठांवरची माशी रुमालानं हाकलली.

"कोण हाय ह्यो?" परत येऊन त्यानं हळू आवाजात विचारलं. "दुखणाईत?"

"डॉक्टर आहे. मल्हारी गेल्यापासून त्याचा डोळा लागला नव्हता. आज सकाळी आला, तू उभा आहेस त्याच पायरीवर उभा राहिला. मला विचारत होता, मीच मारलं का हो त्याला?"

खंडूनं वळून लिंबाकडं पाहिलं.

"नाव पाहिजे होतं ना तुला? सुहास वाघोले. मल्हारीचा सीनियर."

दोन ढांगांत खंडू लिंबाखाली होता. त्यानं काठी पकडली. उपसायला हिसका दिला.

काठी कलली. घोंगडीचं एक टोक दगडाखालून निसटलं, आणि उन्हाची तिरीप झोपलेल्याच्या डोळ्यांवर पडली. तो कण्हला. लहान पोरासारखा हात तोंडावर घेऊ लागला.

खंडूनं झटकन ते टोक पकडलं. वर धरलं.

झोपलेल्याचा हात पुन्हा खाली पडला. श्वास संथ झाला.

एका मुठीत काठी, दुसऱ्या मुठीत घोंगडी. खंडू तसाच वाकून उभा राहिला. लाजेनं त्याचे कान तापले. दादापुढं लाज वाटत होती, या माणसापुढं वाटत होती, आणि राग अजून गेलाच नव्हता, त्याचीही वाटत होती.

"बुवा..." त्याचा आवाज फुटला. "मी काय करू?"

बुवा म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होते.

"काठी तुझीच आहे, लेकरा. घे. फक्त त्याच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नकोस."