म्हाळूच्या पंच्याला पाच गाठी

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगाव असतात, त्यात काही नवल नाही. पण म्हाळू इतका भोळा होता, की कुणी "जरा थांब" म्हटलं तर "आता जा" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. एकदा पोस्टमनच्या सांगण्यावरून तो असा सव्वा दिवस थांबला होता.

त्याच्या बायकोचं नाव केशर. केशर देवाधर्माची बाई. सहा वर्षं मूल नव्हतं, म्हणून तिनं सोळा सोमवार केले. सतराव्या सोमवारी उद्यापन झालं आणि पुढच्याच महिन्यात तिला उलट्या सुरू झाल्या. केशर आनंदली. मग एकदम घाबरली.

शेजारच्या सगुणाबाईला ती म्हणाली, "ताई, पोर बापावर गेलं तर?"

सगुणाबाई तांदूळ निवडत होती. "ते आधी बघायचं होतं. तुला अक्कल असती तर म्हाळूभावजींशी लग्न केलं असतंस का?"

केशरला ते लागलं. पण महादेवाकडं अक्कल मागण्यात अर्थ नव्हता. तो स्वतःच भोळा सांब. त्याच्याकडून लेकरू मिळालं हेच पुष्कळ. बुद्धीचं खातं गणपतीकडं. म्हणून तिनं संकष्टी धरली. चंद्र उगवला की हात जोडून म्हणायची, "गजानना, रंग बापाचा चालेल, नाक बापाचं चालेल. डोकं तेवढं बापाचं देऊ नकोस. एकशे एक मोदक करीन."

म्हाळू मागं उभा राहून हे ऐकायचा. त्याला राग नाही यायचा. त्याला ते पटायचं. उलट वाटायचं, देवाच्या एकट्याच्या अंगावर एवढं काम टाकणं बरं नव्हे. आपणही थोडा हातभार लावावा.

त्याच सुमाराला शेतकी विद्यापीठातल्या मिराशीबाई दर बुधवारी गावात येऊ लागल्या. मारुतीच्या पारावर बसून आई-बापाचे गुण पिलात कसे उतरतात, बियाचा गुण पिकात कसा येतो, हे समजावून सांगायच्या. म्हाळू सगळ्यात पुढं बसला.

पहिल्या बुधवारी बाई म्हणाल्या, "गाय घ्यायला गेलात तर तिच्या शिंगांवर, रंगावर भुलू नका. आधी तिची आई बघा."

म्हाळूनं खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली. आधी आई बघायची.

चार दिवसांनी केशरच्या भावासाठी, अंकुशसाठी, मुलगी बघायला जायचं होतं. थोरले जावई म्हणून म्हाळूला पुढं बसवलं. मुलगी पोहे घेऊन आली. म्हाळूनं मान फिरवली.

"हिला आत न्या," तो म्हणाला. "हिची आई आणा."

मुलीची आई बिचारी हात पुसत बाहेर आली.

"जरा अंगणातून चालून दाखवा."

तिकडची काही रीत असेल, असं समजून ती चालली.

"पाय चांगले आहेत. आता तोंड उघडा."

तिनं उघडलं. म्हाळूनं वाकून दात मोजले. मग मायेनं विचारलं, "वेतं किती झाली?"

मुलीचा बाप कोपऱ्यातली काठी शोधू लागला. मुलगी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होती. पाहुणे पोहे न खाताच परतले, आणि शेवटचा मैल तर पळतच आले.

"अहो, असं कुणी फक्त आईलाच बघतं का?" केशरनं कपाळाला हात लावला. "बाईंना नीट विचारा."

म्हाळूनं बुधवारी नीट विचारलं. बाई म्हणाल्या, "आई एकटी कशी? पिलू निम्मं आईचं असतं, निम्मं बापाचं."

म्हाळूनं दुसरी गाठ मारली. निम्मं निम्मं.

केशरची कोंबडी खुडूक झाली होती. केशरनं आदल्या दिवशीच तिच्याखाली तेरा अंडी बसवली होती. बाळंतपणात उपयोगी पडतील, असा तिचा हिशोब. म्हाळू टोपलीपाशी बसून विचार करू लागला. कोंबडी आपली. पण कोंबडा सगुणाबाईचा. म्हणजे प्रत्येक पिलू निम्मं सगुणाबाईचं. लोकांचं आपल्या घरात ठेवू नये.

त्यानं विळी घेतली आणि एकेक अंडं बरोबर मधोमध चिरलं.

सगुणाबाई दारात रांगोळी घालत होती. म्हाळूनं तिच्यापुढं ताट धरलं. ताटात तेरा अर्धी टरफलं.

"हे काय भावजी?"

"तुमच्या कोंबड्याचा वाटा."

"आणि आतलं कुठं गेलं?"

"ते आमच्या ओट्यावरून वाहतंय. त्यातलं निम्मं तुमच्याकडंच येतंय. बघा, रांगोळीपर्यंत पोचलं."

त्या दिवशी केशर काही बोलली नाही. कोंबडी मात्र संध्याकाळपर्यंत बोलत होती.

बुधवारी अंड्यांचं ऐकून बाईंनी पाणी मागवलं, घोटभर प्याल्या आणि म्हणाल्या, "म्हाळूभाऊ, चिरून काही दिसत नसतं. गुण आत असतात. कधी कधी तर ते लपून बसतात. आजोबांचे घारे डोळे मुलात दिसत नाहीत, पण नातवात दिसतात. मधल्याकडं असतात, फक्त उघड होत नाहीत."

तिसरी गाठ. मधल्याकडं असतं, दिसत नाही.

माघातल्या गणेशजयंतीला देवळात महाप्रसाद होता. केशरनं मुद्दाम म्हाळूला वाढायला पाठवलं. देवाची सेवा घडेल, आणि लाडू वाढण्यात चुकायचं काय?

पंगत बसली. म्हाळूनं म्हाताऱ्यांना दोन दोन लाडू वाढले. पोरांना दोन दोन लाडू वाढले. मधल्या वयाच्या माणसांपुढून टोपली घेऊन तसाच पुढं गेला.

"अरे म्हाळू, मला राहिला," हेडमास्तर धारप म्हणाले. गावातली सगळ्यात हुशार असामी. तेही मधल्याच वयाचे.

"मास्तर, तुमच्या वडिलांना वाढला. तुमच्या पोराला वाढला."

"मग मला?"

"तुमच्याकडं आहे की. फक्त दिसत नाही."

मास्तरांनी पानाकडं पाहिलं. पानात आमटी होती आणि तिच्यात मास्तरांचा चष्मा दिसत होता. निम्मी पंगत अर्धपोटी उठली. उरलेले लाडू म्हाळूनं गणपतीपुढं ठेवले. "देवाला काही वय नसतं," तो म्हणाला.

केशरनं त्या संकष्टीला मोदकांचा आकडा एकशे एकवरून दोनशे एकवर नेला.

पुढच्या बुधवारी बाई शुद्ध बियाण्याविषयी बोलत होत्या. "चांगलं बी धरायचं असेल, तर हलक्या वाणाचं पीक शेजारी नको. तीनशे पावलं लांब हवं. नाहीतर वाऱ्यावर पराग उडून येतात आणि चांगलं बी बिघडतं."

म्हाळू आणखी पुढं सरकून बसला. मग त्यानं विचारलं, "बाई, बिघडलेलं बी परत चांगलं होतं?"

"नाही होत."

चौथी गाठ मारून त्यानं ती दोनदा आवळली.

केशरला सातवा लागला होता. ओटीभरण होतं. बायका जमल्या, आणि म्हाळू घरात नाही. गोठ्यात नाही, पारावर नाही. शेवटी सगुणाबाईनं टेकाडाकडं बोट दाखवलं. तिथं बोरीखाली घोंगडी अंथरून, तांब्या शेजारी ठेवून म्हाळू बसला होता. घरापासून मोजून तीनशे पावलं.

केशर हिरव्या साडीत, फुलांची वाडी घालून टेकाडाकडं निघाली. ती दहा पावलं पुढं आली. म्हाळू दहा पावलं मागं सरला. ती आणखी दहा आली. तो आणखी दहा सरला.

"अहो, घरी चला," ती लांबूनच ओरडली.

"आज वारा तुझ्याकडं आहे. येता नाही येणार."

"वाऱ्याचं काय?"

"माझ्यातलं उडून तिकडं येईल. तुझं बी चांगलं आहे, केशर. बिघडलं की परत होत नाही. मी विचारलंय."

केशर जागीच उभी राहिली. दर संकष्टीला आपण चंद्राकडं तोंड करून काय मागत होतो आणि ते मागून कोण ऐकत होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग वारा फिरला आणि म्हाळू घोंगडी उचलून ओढ्यापलीकडच्या टेकाडावर गेला.

पाच दिवस तो वाऱ्याबरोबर गावाभोवती फिरत होता. केशर भाकरी बांधून दगडावर ठेवायची आणि मागं व्हायची. मग तो येऊन न्यायचा. सहाव्या दिवशी बुधवार आला, तेव्हा मिराशीबाई स्वतः चप्पल हातात घेऊन टेकाडावर चढल्या.

"म्हाळूभाऊ, बी एकदा पोटात रुजलं की वाऱ्यानं त्याला काही होत नाही. जे मिळायचं ते मिळून झालंय. घरी जा."

"मिळून झालंय?" म्हाळूचा चेहरा पडला. "मग आता बदलायचं कसं?"

बाई धापा टाकत होत्या. सांगायला नको होतं, पण शिकवायची सवय. त्या म्हणाल्या, "बियात एक मजकूर लिहिलेला असतो, असं समजा. पान कसं, फूल कसं, सगळं त्यात. हल्ली शास्त्रज्ञ त्या मजकुरात बदल करतात. मातीतल्या एका जंतूचा गुण कापसाच्या मजकुरात बसवला, म्हणून बोंडअळी मरते. कधी कधी तर मजकुरातलं एवढंसं काही बदललं, एक शब्द म्हणा, की पीकच बदलतं."

म्हाळूनं पाचवी गाठ मारली. एक शब्द बदलायचा. मग घोंगडी झटकली आणि घरी आला.

वैशाखात केशरला लेक झाली. गोरी नाही, काळी नाही, नाक बापाचं. डोकं कुणाचं ते एवढ्यात कसं कळणार? म्हाळू दोन दिवस पाळण्यापाशी बसून होता. मग पंचा खांद्यावर टाकून जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक नुकताच बदलून आलेला. गावात कुणाला ओळखत नव्हता.

"आईचं नाव?"

"केशर."

"बापाचं?"

म्हाळूनं रजिस्टरकडं पाहिलं. मजकूरच होता तो. सगळा त्यात लिहायचा होता. त्यानं पाचवी गाठ चाचपली.

"हेडमास्तर धारप," तो म्हणाला.

ग्रामसेवकानं मान वर न करता लिहून घेतलं.

बाराव्या दिवशी बारसं. गाव जमला. पाळण्याला फुलं बांधली. घुगऱ्या वाटल्या. मधल्या वयाच्या माणसांनी आपापल्या हातानं वाढून घेतल्या. म्हाळूनं दाखला काढला आणि मोठ्या मानानं हेडमास्तरांच्या हातात दिला. "मास्तर, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचा."

मास्तर उभे राहिले. घसा साफ केला. "जन्म दाखला. लिंग, स्त्री. आईचं नाव, केशर. वडिलांचं नाव..."

मास्तर थांबले.

"वाचा की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अक्षर नीट लागत नाही."

"आयुष्यभर पोरांची अक्षरं लावलीत. आणा इकडं." मास्तरीणबाईंनी दाखला घेतला. वाचला. परत वाचला. मग पदर खोचला.

"प्रमिला, मी शपथेवर सांगतो," मास्तर म्हणाले.

"घरी चला. घरी सांगा."

"रागवू नका, मास्तरीणबाई," म्हाळू समजुतीच्या सुरात म्हणाला. "मास्तरांनी यात काहीच केलं नाही. सगळं मी केलं."

त्यानं प्रकरण मिटलं नाही. सगुणाबाई तर हसून हसून पाळण्याखाली बसली.

केशरनं म्हाळूला दाराबाहेर काढलं. "आत्ताच्या आत्ता जा. बापाच्या जागी तुमचं नाव लिहून आणा. तुमचं. म्हाळसाकांत. दुसरं कुणाचं नाही."

"पण केशर, डोकं..."

"माझ्या लेकीला तुमचं डोकं चालेल. जा."

म्हाळू गेला. दिवेलागणीला नवा दाखला घेऊन आला. पाहुणे पांगले होते. केशरनं निरांजन लावलं आणि त्याच्याच उजेडात कागद धरला. वडिलांचं नाव, म्हाळसाकांत. तिचा जीव भांड्यात पडला. मग नजर एक ओळ वर गेली.

आईचं नाव, प्रमिला धारप.

"अहो, हे काय? माझं नाव कुठं गेलं?"

"एक शब्द बदलायचाच होता. बापाचा तू बदलू दिला नाहीस. मग आईचाच उरला."

"आणि माझ्या डोक्याला काय झालंय?"

म्हाळूनं पंच्याकडं पाहिलं. पाचही गाठी चाचपल्या. यावर एकही गाठ नव्हती. पहिल्यांदाच त्याला स्वतःचं काही सुचलं.

"केशर," तो हळूच म्हणाला, "तुला अक्कल असती, तर तू माझ्याशी लग्न केलं असतंस का?"

केशरनं देव्हाऱ्यातल्या गणपतीकडं पाहिलं. अर्ज पोचला होता. देवानं डोकं दिलंही होतं. पोरीऐवजी बापाच्या पदरात टाकलं, एवढंच. पण नवस तो नवस. ती उठली आणि मोदकांसाठी नारळ फोडायला बसली. दोनशे एक.

साठा चुकांची ही कहाणी, पाच गाठींत सुफळ संपूर्ण.