दगडावरचा ‘सॉरी’

वसईकडच्या एका चर्चमध्ये लॅटिन जाणणारे एक वृद्ध धर्मगुरू राहत. ऑल्विन नावाचा तरुण ब्रदर त्यांच्यापाशी ती भाषा शिकत असे. एके दिवशी परदेशातून आलेले इनास तुस्कानो ऑल्विनला म्हणाले, “ब्रदर, धाकट्या भावाच्या कबरीवर एकच शब्द कोरायचाय. ‘सॉरी’. पण लॅटिनमध्ये हवा. पाथरवट उद्या सकाळी येतोय.”

ऑल्विनने आनंदाने होकार दिला खरा, पण शब्दकोश उघडताच त्याचा जीव टांगणीला लागला. ‘डोलेओ’ म्हणजे मला दुःख होते. ‘मे पेनितेत’ म्हणजे मला पश्चात्ताप होतो. ‘इन्योशे’ म्हणजे क्षमा कर. यांतला ‘सॉरी’ कोणता? चुकीचा शब्द दगडावर कोरला गेला तर पुसणार कसा?

तो फादरांकडे धावला. त्यांनी शब्दकोश मिटून बाजूला ठेवला. “तिन्ही अर्थ इनासला मराठीत सांग आणि त्यालाच विचार.”

“फादर, शोकात असलेल्या माणसाला असं कसं विचारू?”

“जा,” फादर एवढेच म्हणाले.

ऑल्विनने चाचरत विचारले. इनासचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “एक शब्द मागितला होता मी. माझी झडती घ्यायला कोणी सांगितलं?” असे म्हणून ते तडक निघून गेले.

ऑल्विन रडवेला होऊन परतला. “फादर, माझ्यामुळे ते दुखावले. आता काय होईल?”

फादर शांतपणे म्हणाले, “सॉरी हा फार सोयीचा शब्द आहे, बाळा. पाय लागला तरी सॉरी, माणूस गेला तरी सॉरी. आपल्या हातून काय घडलं, ते बोलणाऱ्याला सांगावंच लागत नाही. लॅटिनमध्ये ती सोय नाही. तिथे आधी ठरवावं लागतं. ते तुला किंवा मला कसं ठरवता येईल?”

तरीही ऑल्विनचे मन थाऱ्यावर येईना. सकाळी पाथरवट छिन्नी घेऊन कबरीशी बसला, तेव्हा फाटकातून इनास येताना दिसले. डोळे सुजलेले होते.

“धाकटा पास्कू आजारपणात मला बोलावत राहिला,” ते ऑल्विनला म्हणाले. “मला येता आलं असतं. जुन्या भांडणापायी आलो नाही. ‘क्षमा कर’ असा ज्याचा अर्थ, तो शब्द द्या.”

ऑल्विनने खडूने दगडावर अक्षरे काढून दिली. पाथरवटाने विचारले, “एवढंच ना?”

“नाही,” इनास म्हणाले. “खाली माझं नाव घाला.”