हिरूची निळी बाग

डोंगराच्या कुशीत धुकेवाडी नावाचं एक गाव होतं. गावाच्या टोकाला, पाइनच्या उंच उंच झाडांखाली, एका इवल्याशा घरात हिरू आणि तिचे बाबा राहायचे. हिरू नऊ वर्षांची होती. आई देवाघरी गेली होती. बाबा माळीकाम करायचे, पण झाडावरून पडून त्यांचा पाय अधू झाला आणि ते दारातल्या खाटेला खिळले. घरात कधी भाकरी असायची, कधी नुसती पेज.

घरासमोर मात्र एक झुडूप होतं. आईनं लावलेलं, ब्लूबेरीचं. दरवर्षी त्याला पांढऱ्याशुभ्र घंटांसारखी फुलं यायची आणि मग टपोरी, निळी निळी फळं! बाबा त्यांचा मुरांबा करायचे, आठवड्याच्या बाजारात तो हातोहात खपायचा. त्यावरच घर चालायचं.

पण यंदा झुडूप आजारी पडलं. पानं पिवळी पडली, फांद्या वाळू लागल्या. हिरू रोज पाणी घालायची, रोज चुलीतली राख आणून बुंध्याशी पसरायची. राखेनं भाजीचा वाफा कसा तरारतो, हे तिनं पाहिलं होतं. तरी झुडूप सुकतच गेलं. त्या वर्षी जेमतेम सात फळं पिकली.

"चार बाबांना, तीन मला," असं म्हणत हिरूनं ती ओंजळीत घेतली. तेवढ्यात गवतातून बारीकसा हुंदका ऐकू आला. पाहते तर काय! बोटाएवढी एक परी दवानं चिंब भिजून बसली होती. निळे पंख चिकटून गेले होते, ओठ सुकले होते.

"दोन दिवस काही खाल्लं नाही गं," परी म्हणाली.

हिरूला स्वतःलाही भूक लागली होती. तरी तिनं आपल्या वाट्याची तिन्ही फळं पानावर ठेवून पुढे केली. परीनं ती चिमुकल्या घासांनी संपवली, आणि तिचे पंख नीलमण्यांसारखे झळाळून उठले.

"माझं नाव निळाई. माग, काय हवं ते माग."

"आईचं झुडूप वाचव," हिरू पटकन म्हणाली.

निळाईनं बुंध्याजवळची माती चिमटीत घेऊन हुंगली. तिचा चेहरा उतरला. "हिरू, या झाडाला आंबट माती लागते. राखेनं ती आंबट राहिली नाही. आता फार उशीर झालाय गं. मला ते वाचवता येणार नाही."

हिरूच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. "म्हणजे मीच मारलं त्याला?"

"तू प्रेमानंच घातलीस ना राख? रडू नकोस. शेंड्याला अजून थोडे हिरवे, कोवळे कोंब आहेत. त्यांतून नवी झुडपं होतील. मी त्यांना मुळांची जादू देते. पण तीन नियम पाळावे लागतील. एक, राख पुन्हा जवळ आणायची नाही. पाइनखालची कुजलेली पानं आणि वाळू, यांतच रोपं लावायची. दोन, माती कायम ओलसर हवी. कोरडी नको, चिखलही नको. आणि तिसरा नियम सगळ्यात अवघड. पहिल्या वसंतात जी फुलं येतील, ती सगळी खुडून टाकायची. एक जरी फळ धरलं, तरी जादू विरून जाईल."

हिरूनं मान डोलावली. परीनं पंख हलवले, झुडपावर निळा निळा चुरा भुरभुरला, आणि ती दिसेनाशी झाली.

हिरू थेट बाबांकडे गेली. राखेचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. बाबांनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाले, "माझी कात्री आण. कोंब कसा कापायचा, ते दाखवतो."

वीतभर लांबीचे बारा कोंब निघाले. खालची पानं काढून हिरूनं ते फुटक्या मडक्यांत खोचले, वरून काचेच्या बरण्या उपड्या घातल्या. रोज सकाळी ती बोट खुपसून ओल बघायची. पाच कोंब सुकले. सात जगले! बरणी काढून हळूच ओढून पाहिलं, तर रोप मातीला घट्ट धरून होतं. हिरू अंगणभर नाचली.

हिवाळा सरला, वसंत आला. सातही रोपं जेमतेम गुडघ्याएवढी होती, पण त्यांच्यावर पांढऱ्या घंटांचे झुबकेच्या झुबके लागले. दारातून बाबांनी ते पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"हिरू, तुझ्या आईची फुलं!"

आता ती खुडायची कशी? हिरू रोपांपाशी बसून राहिली. मग तिनं एका फुलाला हात घातला. शेजारची सगुणा कुंपणावरून ओरडली, "वेडी का तू? घरात पेज नाही आणि फुलं खुडतेस?" हिरूनं हात मागे घेतला. एकच झुबका ठेवला तर? बाबांसाठी?

शेवटी तिनं बाबांना तिसरा नियम सांगितला. बाबांनी एकवार त्या फुलांकडे डोळे भरून पाहिलं. मग म्हणाले, "ती मडकी इकडे आण, पोरी. अर्धी फुलं मी खुडतो."

दोघांनी मिळून एकेक फूल खुडलं. शेवटचं हिरूनं खुडलं. ती रडली, पण थांबली नाही.

ते वर्ष ओढाताणीत गेलं. पाइनची कुजलेली पानं आणि वाळू भरून अंगणात लावलेली रोपं मात्र भराभर वाढली. सगळी ताकद मुळांत गेली, फांद्यांत गेली. पुढच्या वसंतात पुन्हा घंटा फुलल्या, मधमाश्यांनी अंगण गुणगुणायला लागलं, आणि उन्हाळ्यात... काय सांगू! सातही झुडपं निळ्या फळांनी वाकून गेली. टोपल्या भरल्या, मुरांब्याच्या बरण्या भरल्या, तरी फळं संपेनात. बाबा काठी टेकत टेकत अंगणात आले आणि स्वतःच्या हातानं फळं तोडू लागले.

सगुणा फाटकाशी घुटमळत होती. "हिरू, एक कोंब देशील का गं मला?"

"एक कशाला? तीन घे," हिरू म्हणाली. "आणि मडकं घेऊन ये, कसे लावायचे ते शिकवते."

बाजारच्या दिवशी त्यांच्या टोपल्यांभोवती गाव लोटलं. "ही एवढी फळं कुणी पिकवली?" लोक विचारू लागले. बाबांनी हिरूच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या लेकीनं," ते मोठ्यानं म्हणाले. घरी येऊन त्यांनी एका फळीवर अक्षरं कोरली, 'हिरूची बाग', आणि ती पाटी फाटकावर ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निळाई त्या पाटीवर येऊन बसली. तिनं एकेक अक्षर वाचलं आणि खुदकन हसली. "आता इथं माझं काही काम उरलं नाही," ती म्हणाली. तिच्या पंखांतून निळा, सोनेरी, रुपेरी उजेड उसळला, पानापानावर सांडला, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

आजही वाटेनं जाणारे थबकून पाटी वाचतात. "कोण बरं ही हिरू?" असं विचारतात. तेव्हा झुडपांआडून मातीनं माखलेली एक मुलगी बाहेर येते, मान ताठ करते आणि म्हणते, "मी!"